दोन ते तीनच्या दरम्यान

शुक्रवारची संध्याकाळ. अमेरिकेतल्या एका वृद्ध-शुश्रूषागृहात ८६ वर्षांच्या आजींच्या अंगात बारीक ताप आहे आणि लघवीला जळजळ होते आहे. त्यांचे नेहमीचे डॉक्टर शनिवार-रविवार सुट्टीवर आहेत. नर्स ड्यूटीवरच्या दुसऱ्या डॉक्टरांना फोन करते. ते ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्सॅझोल हे जुनं, स्वस्त प्रतिजैविक सांगतात. आपल्याकडे सेप्ट्रान म्हणून मिळतं तेच. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी आजींना रोज संध्याकाळी रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनची ३ मिलिग्रॅमची गोळी चालू आहे, हा विषय फोनवर निघत नाही. रविवारी ताप उतरतो. सोमवारी आजी जेमतेम अर्धं ताट जेवतात. बुधवारी दात घासताना हिरडीतून रक्त येतं आणि दंडावर, कुठे आपटल्याचं आठवत नसताना, काळंनिळं दिसतं. आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, पुढची तपासणी अजून अडीच आठवड्यांवर आहे.

हा प्रसंग उदाहरणादाखल रचला आहे, पण त्यातला प्रत्येक दुवा अशा गृहांत पुन्हा पुन्हा दिसून आलेला आहे. नर्सनं फोन वेळेवर केला, संसर्गावर चालणारं औषध मिळालं, गोळ्याही वेळच्या वेळी दिल्या गेल्या. जुनी गोळी आणि नवी गोळी शेजारी ठेवून बघणारं माणूस तेवढं कुठेच नव्हतं. हे काम फार्मासिस्टचं आहे. दुकानाच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या केमिस्टपलीकडे या पेशाचं एक रूप आहे आणि ते आपल्याकडे फारसं ठाऊक नाही, म्हणून हे प्रकरण.

एक खुलासा आधी करतो. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं छोटं खासगी इस्पितळ नव्हे. स्वतःचं स्वतः करता येत नाही अशी म्हातारी माणसं जिथे महिनोन्महिने, बहुधा अखेरपर्यंत राहतात आणि जिथे चोवीस तास नर्स असते, ती ही जागा. तिथे राहणाऱ्या माणसाला रोज आठ-दहा औषधं असणं अगदी नेहमीचं. डॉक्टर मात्र रोज येत नाहीत. बरेचसे निर्णय फोनवर आणि फॅक्सवर होतात.

आता वॉरफरिनकडे वळू. या औषधाची सुरुवात गोठ्यात झाली. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा भागात बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावानं मरू लागली. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्तानं भरलेला दुधाचा कॅन घेऊन हिमवादळातून विद्यापीठात कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाकडे पोहोचला. लिंक यांच्या चमूनं त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधलं. त्याच घराण्यातलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही ते दिलं गेलं.

आपलं यकृत व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारे काही घटक तयार करतं. वापरलेलं व्हिटॅमिन शरीर पुन्हा ताजं करून घेतं. वॉरफरिन नेमकं तिथे आडवं येतं. पण आधीच रक्तात फिरत असलेल्या घटकांना ते हात लावत नाही. ते आपापल्या गतीनं संपतात, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा, प्रोथ्रॉम्बिन, निम्मा व्हायलाच अडीच-तीन दिवस जातात. म्हणून आज डोस चुकला की परिणाम आज दिसत नाही. दोन दिवसांनी, तीन दिवसांनी दिसतो. तोवर नर्सची पाळी बदललेली असते, कधी डॉक्टरही बदललेले असतात, आणि कारण कुणाच्या ध्यानात राहिलेलं नसतं.

रक्त गोठायला किती वेळ लागतो हे आयएनआर या आकड्यावरून कळतं. औषध न घेणाऱ्याचा आयएनआर साधारण १ असतो. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांचा तो २ ते ३ च्या दरम्यान ठेवायचा असतो. २ च्या खाली गेला की गुठळी होऊन पक्षाघाताची भीती, ४ च्या वर गेला की रक्तस्रावाची. वर रचलेल्या प्रसंगात तीन गोष्टी एकाच दिशेनं ढकलत होत्या. सल्फाचं औषध यकृतातलं वॉरफरिनची विल्हेवाट लावणारं एन्झाइम अडवतं. प्रतिजैविकामुळे आतड्यातले व्हिटॅमिन के बनवणारे जिवाणू कमी होतात. आणि आजारी माणूस जेवत नाही, त्यामुळे ताटातलं व्हिटॅमिनही आटतं. मेट्रोनिडॅझोल, फ्लुकोनॅझोल, हृदयाच्या ठोक्यांवरचं अमिओडॅरोन हीसुद्धा आकडा चढवणारी औषधं. क्षयावरचं रिफॅम्पिसिन उलट तो पाडतं.

मग इतकं धोक्याचं औषध द्यायचंच कशाला? अनियमित ठोक्यांमुळे पक्षाघाताची शक्यता साधारण पाचपट होते आणि वॉरफरिन ती सुमारे दोनतृतीयांशानं खाली आणतं. ॲस्पिरिनला हे जमत नाही, त्याचा फायदा पाचातल्या एका भागाएवढाच. ज्या वयात पक्षाघात झाला तर माणूस पुन्हा उठून बसेल याची खात्री नसते, त्या वयात हा फायदा फार मोठा आहे. त्यामुळे 'म्हातारं माणूस आहे, उगाच कशाला' म्हणून औषध थांबवणं ही काळजी नव्हे. ती टाळाटाळ आहे.

पण देखरेख किती ढिली असू शकते, याचा पुरावाही आहे. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या २५ नर्सिंग होममधल्या, वॉरफरिन घेणाऱ्या ४९० जणांवर जेरी गुरविट्झ आणि सहकाऱ्यांनी वर्षभर लक्ष ठेवलं. २००७ मध्ये निष्कर्ष आले: औषधामुळे झालेल्या अपायाच्या ७२० घटना. बहुतेक किरकोळ होत्या, पण सगळ्या नाहीत. आणि ज्या गंभीर होत्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक टाळता आल्या असत्या. पुढे २०१५ मध्ये प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेनं सरकारी तपासणी अहवाल चाळले. २०११ ते २०१४ या काळात वॉरफरिनच्या बाबतीतल्या चुकांमुळे नर्सिंग होममधले किमान १६५ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, असं त्यात निघालं. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानं आपल्या तपासनिसांना या औषधाकडे विशेष लक्ष द्यायला सांगितलं. अशा चुकांमध्ये अवघड वैद्यक क्वचितच असतं. रक्त घ्यायचं राहून जातं. रक्त घेतलं तरी अहवाल फॅक्स मशीनवर पडून राहतो. डोस बदलला तरी जुना डोस नोंदवहीतून खोडलेला नसतो, म्हणून दोन्ही दिले जातात. रुग्णालयातून परत आलेल्या आजोबांच्या यादीत नवं रक्त पातळ करणारं औषध असतं आणि नर्सिंग होमच्या यादीत जुनं वॉरफरिन तसंच असतं.

अमेरिकेत नर्सिंग होममधल्या प्रत्येकाची औषधं फार्मासिस्टनं महिन्यातून किमान एकदा तपासलीच पाहिजेत, असा केंद्राचा नियम आहे. त्याची मुळं १९७४ पर्यंत जातात. हे काम करणाऱ्याला तिथे कन्सल्टंट फार्मासिस्ट म्हणतात. तो येतो, फाइल उघडतो, औषधं, तपासण्या, वजन, मूत्रपिंडाचं काम, पडल्याच्या नोंदी बघतो, खटकेल ते डॉक्टर आणि नर्सप्रमुखांना लेखी कळवतो, आणि त्याची दखल त्यांना घ्यावी लागते. नियम चांगला आहे. पण वॉरफरिनसाठी महिना फार लांबचा पल्ला. शुक्रवारी सुरू झालेल्या प्रतिजैविकाची नोंद फार्मासिस्टनं पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला वाचली, तर तो झालेल्या गोष्टीचा पंचनामा करू शकतो, त्याहून जास्त काही नाही.

म्हणून जिथे हे काम खरोखर नीट चालतं, तिथे फार्मासिस्टकडे रोजची जबाबदारी असते. डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांच्यात लेखी करार होतो. अमुक मर्यादेत आयएनआर कधी तपासायचा आणि डोस किती करायचा हे फार्मासिस्टनं ठरवायचं. मर्यादेबाहेर गेलं, रक्तस्राव दिसला, की डॉक्टरांकडे. कोलोरॅडोमध्ये कैसर पर्मनंटे या संस्थेनं असं केंद्र चालवलं. तिथे फार्मासिस्ट फोनवरून हजारो रुग्णांचे आयएनआर सांभाळत. डॉक्टरांनी आपापल्या दवाखान्यात सांभाळलेल्या रुग्णांशी तुलना केली तेव्हा फार्मासिस्टकडच्यांत गुंतागुंती ३९ टक्के कमी होत्या. हा अभ्यास २००५ चा. न्यूझीलंडमध्ये १५ औषध-दुकानांत बोटाला सुई टोचून तिथल्या तिथे आयएनआर बघण्याची आणि संगणकाच्या मदतीनं डोस सांगण्याची सोय केली. आधी रुग्णांचा आकडा सुमारे ६२ टक्के वेळ मर्यादेत असायचा, तो ७९ टक्क्यांच्या आसपास गेला. पुढे ती सेवा देशभर सुरू झाली. हे दोन्ही दाखले घरी राहणाऱ्या रुग्णांचे आहेत. पण औषध तेच, आकडा तोच, आणि नर्सिंग होममध्ये तर गोळी हातावर ठेवणारी नर्स रोज हजर असते.

प्रत्यक्ष काम कसं दिसतं? समजा, एका आजोबांना रोज ३ मिलिग्रॅम चालू आहे आणि आयएनआर १.६ आला. डोस रोज ४ करावा, असं पटकन वाटतं. पण ती एकदम तेहतीस टक्के वाढ होते आणि आठवड्याभरात आकडा वरच्या टोकाला जाऊ शकतो. जाणकार फार्मासिस्ट दिवसाचा हिशेब करत नाही, आठवड्याचा करतो. आठवड्याचे २१ मिलिग्रॅम. त्यात पाच ते पंधरा टक्के वाढवायचे. म्हणजे सोमवारी आणि शुक्रवारी ४, बाकीचे पाच दिवस ३, एकूण २३. आता दुसरा विचार. अमेरिकेत वॉरफरिनच्या गोळ्यांना ताकदीप्रमाणे रंग ठरलेले आहेत: १ मिलिग्रॅम गुलाबी, ३ फिकट तपकिरी, ४ निळी, ५ पीच रंगाची. रात्री पंचवीस-तीस जणांच्या औषधांची गाडी ढकलत जाणाऱ्या नर्सला सोमवारी निळी आणि मंगळवारी तपकिरी, हे नोंदवहीत ठळक दिसलं नाही तर चूक होणारच. म्हणून कागदावरचा हिशेब बरोबर आला तेवढ्यानं फार्मासिस्टचं समाधान होत नाही. नोंदवहीत वार कसे छापले जातील, गाडीच्या कप्प्यात जुन्या ताकदीची पाकिटं उरली आहेत का, हेही तो बघतो. आणि वाढवण्याआधी विचारतो: मधे एखादी गोळी चुकली होती का? अशक्तपणासाठी डब्यातलं पोषक पेय नव्यानं सुरू केलंय का? त्या पेयांत व्हिटॅमिन के असतं. आकडा त्यानंच पडला असेल, तर डोस बदलण्याआधी ते पेय रोज तेवढंच घेतलं जाणार आहे का, हे ठरवावं लागतं.

काहीच न करणं हेही यातलं कौशल्य आहे. अनेक महिने स्थिर असलेल्या माणसाचा आयएनआर एकदा ३.३ आला, तर डोस तसाच ठेवून आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा बघावं, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. प्रत्येक आकड्याला डोस बदलत गेलं की आकडा वरखाली हेलकावे खायला लागतो, आणि मग हे औषध बेभरवशाचं आहे अशी तक्रार होते. वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या दिवशी, मागचा आलेख न बघता डोस सांगितला की नेमकं हेच होतं. एका माणसाच्या हाती आलेख असेल तर होत नाही.

पडण्याच्या भीतीबद्दलही बोललं पाहिजे, कारण घरची मंडळी सगळ्यात आधी तोच प्रश्न विचारतात. आजोबा दोनदा पडले, डोक्यात रक्तस्राव झाला तर? भीती खरी आहे. पण कॅनडातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये हिशेब मांडला. पडून मेंदूवर रक्त साचण्याचा धोका वॉरफरिनच्या फायद्यापेक्षा मोठा व्हायचा, तर त्या माणसाला वर्षात सुमारे २९५ वेळा पडावं लागेल. हा गणिती अंदाज आहे आणि प्रत्येक माणसाला तो जसाच्या तसा लागू नाही. तरीही केवळ पडतात म्हणून औषध काढून घेण्याआधी थांबावं, एवढं तो नक्की सांगतो. पडणं कमी करायचं तर फार्मासिस्ट झोपेच्या गोळीकडे आणि रक्तदाबाच्या जादा झालेल्या औषधाकडे आधी बघतो. माझ्या मते ही त्याच्या कामातली फार मोलाची बाजू आहे, आणि तिची नोंद क्वचितच घेतली जाते.

२०१० पासून डॅबिगाट्रान, रिव्हरॉक्सॅबॅन, ॲपिक्सॅबॅन ही नवी औषधं आली. आयएनआर बघायला नको, व्हिटॅमिन के असलेल्या भाजीपाल्याची चिंता नको. आता काळजी मिटली, असं पुष्कळांना वाटलं. मिटली नाही, तिनं जागा बदलली. ही औषधं कमीअधिक प्रमाणात मूत्रपिंडातून बाहेर जातात, आणि ८५ व्या वर्षी मूत्रपिंड उन्हाळ्यातल्या जुलाबांनीसुद्धा ढासळतं. ॲपिक्सॅबॅनचा डोस निम्मा करायचा की नाही हे वय ८०, वजन ६० किलो आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.५ या तीन खुणांवर ठरतं. तीनपैकी दोन लागू झाल्या की निम्मा. वजन कमी होत जाणाऱ्या आजी एखाद्या महिन्यात ती रेषा ओलांडतात आणि कुणाला कळत नाही. आणखी एक गोष्ट गिळण्याची. नर्सिंग होममध्ये अनेकांना गोळी गिळता येत नाही, म्हणून ती कुटून सफरचंदाच्या लगद्यात मिसळून देतात. ॲपिक्सॅबॅन असं देता येतं. डॅबिगाट्रानची कॅप्सूल मात्र उघडायचीच नाही. आतले दाणे मोकळे दिले तर औषध रक्तात कितीतरी जास्त शोषलं जातं. रिव्हरॉक्सॅबॅनच्या १५ आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यायच्या, नाहीतर पुरेशा शोषल्या जात नाहीत. सकाळी सहाला रिकाम्या पोटी गाडी फिरवणाऱ्या नर्सला हे कुणीतरी सांगायला हवं.

नेदरलँड्समधून २०२३ मध्ये आलेला निष्कर्ष तर अनेकांना धक्का देणारा होता. फ्रेल-एएफ नावाच्या चाचणीत ७५ वर्षांवरच्या, नाजूक प्रकृतीच्या १,३३० लोकांना घेतलं. सगळे वॉरफरिनच्या जातीचं जुनं औषध घेत होते. निम्म्यांना नव्या औषधावर नेलं, निम्म्यांना जुन्यावरच ठेवलं. वर्षभरात नव्या औषधावर गेलेल्यांत १५.३ टक्क्यांना दखल घेण्याजोगा रक्तस्राव झाला, जुन्यावर राहिलेल्यांत ९.४ टक्क्यांना. डच लोकांकडे आयएनआर सांभाळणारी स्वतंत्र केंद्रं आहेत आणि ती नियमानं काम करतात, हे इथे विसरता येत नाही. नव्यानं औषध सुरू करायचं असेल तर नवी औषधं बहुतेकांना बरी, हे अजूनही खरं. पण नीट सांभाळलं जात असलेलं जुनं औषध केवळ सोयीसाठी बदलू नये, हे मला या चाचणीतून पुरेसं स्पष्ट दिसतं.

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. स्मृतिभ्रंश शेवटच्या टप्प्यात आहे, माणूस कुणाला ओळखत नाही, घास तोंडात तसाच धरून ठेवतो. त्याला पुढच्या पाच वर्षांतला पक्षाघात टाळणारी गोळी द्यायची का? अमेरिकेतल्या नर्सिंग होममधले, असा स्मृतिभ्रंश आणि अनियमित ठोके असलेले सुमारे एकतृतीयांश रुग्ण आयुष्याच्या अखेरच्या सहा महिन्यांतही ही औषधं घेत होते, असं एका मोठ्या पाहणीत दिसलं. थांबवावं की नाही, हे डॉक्टर आणि घरच्यांनी ठरवायचं. पण हा विषय काढणार कोण? डॉक्टरांना वेळ नसतो, मुलांना धीर होत नाही. दर महिन्याला पूर्ण यादी वाचणारा फार्मासिस्ट तो काढू शकतो, आणि त्यानं तो काढावा. रुग्ण धडधाकट असताना औषध सोडू नका म्हणणं आणि अखेरच्या दिवसांत ते हलकेच काढून घ्या म्हणणं, दोन्ही त्याच जबाबदारीचा भाग आहेत.

आपल्याकडे वॉरफरिनपेक्षा ॲसिट्रॉम जास्त परिचयाचं. ते असेनोक्युमरॉल, त्याच जातीचं औषध, फक्त शरीरातून लवकर जाणारं, त्यामुळे चुकलेली गोळी आकड्यावर आणखी लवकर दिसते. लहानपणीच्या सांधेतापानं हृदयाची झडप खराब झालेले आणि कृत्रिम झडप बसवलेले कितीतरी लोक महाराष्ट्रात ते आयुष्यभर घेतात. धातूची कृत्रिम झडप असेल तर नवी औषधं चालतच नाहीत. सांधेतापामुळे झालेल्या अनियमित ठोक्यांतही २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत जुन्याच औषधाची सरशी झाली. म्हणजे आयएनआरपासून आपली सुटका इतक्यात नाही. पालक, मेथी, अळू बंद करा, असं अनेकांना सांगितलं जातं. खरं तर रोज साधारण तेवढंच खाणं पुरतं. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली कॉम्बिफ्लॅम किंवा डायक्लोफेनॅकची गोळी त्याहून धोक्याची आहे. ती आयएनआर फारसा न हलवताही पोटात रक्तस्राव घडवू शकते.

रुग्णांच्या औषधांवर देखरेख करण्यासाठी शिकवलेले फार्म. डी. पदवीधर तयार करणारा अभ्यासक्रम आपल्या देशात २००८ पासून चालू आहे. पण वृद्धाश्रमानं फार्मासिस्टकडून औषधांची यादी नियमानं तपासून घ्यावी, असा रिवाज आपल्याकडे पडलेला नाही. तो पडायला हवा. दोन-तीन वृद्धाश्रमांनी मिळून एक फार्मासिस्ट आठवड्यातून एकदा बोलावला तरी सुरुवात होईल.

तोवर, तुमचे आई-वडील पुण्यातल्या वृद्धाश्रमात असोत की न्यू जर्सीतल्या नर्सिंग होममध्ये, आणि वॉरफरिनच्या जातीच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर तिथल्या लोकांना चार गोष्टी विचारा. मागचा आयएनआर कधी झाला, किती आला, त्यावर काय ठरलं, आणि पुढचा कधी आहे. नवं औषध सुरू झालं असेल तर, विशेषतः प्रतिजैविक, तपासणी तीन-चार दिवसांत ठेवायला सांगा. आणि या सगळ्यावर लक्ष ठेवणाऱ्या एका माणसाचं नाव मागा. तसं कुणी नसेल, तर डॉक्टरांशी बोलून त्याच दिवशी ते ठरवून घ्या.